गाडी झोपते तेव्हा

बाबांची गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. मी पुण्याहून फोनवर दर वेळी एकच निदान करायचो: तुम्ही आतला दिवा चालू ठेवता. एकदा पहाटे आजीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी नुसती टक-टक करत राहिली. शेवटी रिक्षाने गेले. त्यानंतर नवी बॅटरी घेतली. तीही उतरली.

मुळात मोटारीला बॅटरी लागायचीच असं नाही. 1908 साली आलेली फोर्डची मॉडेल टी ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोतून, म्हणजे फिरत्या इंजिनातूनच, मिळवायची. सुरू करायला समोर उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, इतकं नेहमीचं की हाताच्या एका फ्रॅक्चरला इंग्रजीत 'शोफर्स फ्रॅक्चर' असं नावच पडलं.

शिसं-आम्लाची बॅटरी तर 1859 पासून होती, फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने केलेली. अडचण अशी की इंजिन फिरवायला लागणारी मोटर फार मोठी होईल, असं वाटायचं. चार्ल्स केटरिंगने आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्याला माहीत होतं की मोटरला दिवसभर राबायचं नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर ती लहानही चालते. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आला. त्यासोबत बॅटरी, ती भरणारा डायनामो आणि विजेचे दिवेही. हात वाचले, पण गाडी बंद असताना वीज गळायची सोयही त्याच दिवशी झाली.

पहिला चोर डायनामोजवळच होता. इंजिन मंद झालं की डायनामोचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली जातो आणि प्रवाह उलटा वाहू लागतो. ते अडवायला कटआउट नावाचा रिले असायचा. त्याचे पॉइंट चिकटले, की गाडी बंद केल्यावरही बॅटरी डायनामोत रिकामी होत राहायची. 1960 च्या सुमारास क्रायस्लरने व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला. त्यात हेच काम सिलिकॉनचे डायोड करतात, हलणारा भाग नाही. पण डायोड बिघडला तर तोही गळतो.

पुढे गाडीत संगणक शिरले. 1986 मध्ये बॉशने कॅन बस मांडली, सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलू लागले. गाडी बंद केल्यावर ते एकेक करून झोपतात. एक जागा राहिला तर इतरांनाही झोपू देत नाही. (हे वाचून ऑफिसातला एखादा ग्रुप कॉल आठवला तर दोष माझा नाही.)

दिवाळीत घरी गेल्यावर मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मीटर मधे जोडला, दारं लावली, अर्धा तास थांबलो. या वेळी चावी फिरवायची नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर खेचतो, मीटर दहाचा. आकडा 0.34 वर थांबला. साधारण 0.05 च्या आत हवा. 0.34 म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तास, आणि बॅटरी पस्तीसची. तीन दिवसांत दोन तृतीयांश खल्लास.

मग एकेक फ्यूज काढायचा. बग शोधताना आपण कोडचा एकेक भाग बंद करतो, तसंच. सातव्या फ्यूजला आकडा 0.04 वर आला. त्या फ्यूजवर डॅशकॅम होता. मागच्या वर्षी मीच बसवलेला, आणि चावी काढल्यावरही जिथे वीज राहते त्याच तारेवर.

बाबांनी चष्मा लावून मीटर पाहिला. "म्हणजे दिवा मी बंद करत होतो तर?"

मी कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होतो.