मळ्यातला बटवा

‘आजीबाईचा बटवा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी फार जुनं, कधीच न बदललेलं उभं राहतं. जणू पणजीच्या पणजीने जी पुरचुंडी बांधली, तीच जशीच्या तशी नातसुनेच्या हाती आली. हडपसरसारख्या एकाच गावाच्या शिवारात उभं राहून या बटव्याकडे पाहिलं, तर मात्र हा समज टिकत नाही. त्यातल्या किती गोष्टी दुरून आल्या, किती अलीकडे आल्या आणि तो नेमका कुठे थिटा पडला, याला इतिहास आहे.

हडपसर हे पुण्याच्या पूर्वेचं, सोलापूर रस्त्यावरचं गाव. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी हडपसर, मांजरी, लोणी या पट्ट्यात खेळू लागलं. मांजरीच्या शिवारात महात्मा फुल्यांनीही कालव्याच्या पाण्यावर शेती केली. जिरायत रानांचे मळे झाले, ऊस आणि भाजीपाला आला. पाणी आलं की बांधावरचं तणही बदलतं. माका आणि ब्राह्मी या ओलीवर जगणाऱ्या वनस्पती. कोरड्या रानात त्या पावसाळ्यापुरत्या दिसतात, पाटाच्या कडेला मात्र त्यांना वर्षभर ओल मिळते. डोक्याला लावायच्या तेलात माक्याचा रस आटवायचा, तर तो असा हाताशी असावा लागतो.

मळ्यातल्या घरांत औषध आणि स्वयंपाक यांच्यात भिंत नव्हती. दोन्ही ऋतूवर चालत. चैत्रात कडुलिंब कोवळ्या पानांवर आणि फुलांवर येतो, तेव्हाच पाडव्याला त्याची गूळ, ओवा, हिंग, जिरं, मिरी घालून चटणी. त्याच झाडाचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, केना या बिनपेरलेल्या भाज्या. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासायचे. सर्दी-खोकल्याला अडुळशाची पानं आणि तुळस. दिवाळीला उटणं, थंडीत डिंकाचे नि अळिवाचे लाडू.

ही यादी पुन्हा वाचून पाहा. कडुलिंब, माका, आघाडा बांधावरचे. पण हिंग अफगाणिस्तानाकडचा, आणि बाळगुटीत उगाळायचं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. म्हणजे बटवा निम्मा खुडलेला आणि निम्मा विकत घेतलेला. त्याचा एक हात रानात, दुसरा पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात.

जे खुडलेलं, तेही सगळं इथलंच असं नाही. आषाढीच्या वाटेवर दोन्ही पालख्या हडपसरला येतात. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते, ज्ञानोबांची दिवे घाट चढून सासवडला. घाटापलीकडचं पुरंदर सीताफळासाठी प्रसिद्ध. उवांवर या फळाच्या बियांची पूड लावण्याचा उपाय अस्सल गावठी वाटतो. पण सीताफळ मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेलं. (ही पूड डोळ्यांत गेली तर मोठी इजा होते.) तोंड आलं की पेरूचा पाला चावायला सांगतात, तो पेरूही अमेरिकेचाच. आणि गवती चहा? गवत जुनं असेल, पण हे नाव चहाच्या आधीचं असूच शकत नाही. चहा मराठी घरांत रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. म्हणजे ज्या काढ्याला आपण परंपरा म्हणतो, त्याचं नावच मुळात अलीकडचं.

यात कमीपणा काहीच नाही. उलट, नवं झाड दिसलं की त्याचा गुण पाहून त्याला घरात जागा देणाऱ्या बायकांचं हे चालू काम होतं. ‘प्राचीन’ असा शिक्का मारला की त्यांचं हे काम पुसलं जातं.

पण याच मळ्यांनी बटव्याची हद्दही पाहिली आहे. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला, माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहू लागली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. शेजारच्या मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर आणलं, असं सांगितलं जातं. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. पुढे यशवंतरावही प्लेगाच्याच रुग्णांची सेवा करताना गेले. गाठीच्या तापाला कुठल्याही घरातल्या डब्यात उतारा नव्हता. सावित्रीबाई गेल्या त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत हाफकिनने आपली प्लेगची लस स्वतःला टोचून पाहिली होती.

१९६६ साली याच हडपसरमध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरीचा काढा सुचवला आणि घरोघरी पातेली उकळू लागली. २०२१ च्या जानेवारीत हडपसरमध्ये भरलेल्या कुप्या देशभर गेल्या. घशाला काढ्याने आराम पडतो हे खरं. साथीपुढे माणूस वाचवायला कुपी लागते हेही तितकंच खरं. भांडण या दोन गोष्टींत नाही. एकीच्या जागी दुसरीला बसवलं की मात्र माणसं दगावतात.

आता मळे राहिले नाहीत. २००० च्या सुमारास मगर कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर शेती एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली. ती जमीन निदान शेतकऱ्यांच्या निर्णयाने बदलली. पण बांध गेला तो गेलाच. गवती चहा कुंडीत येतो, तुळसही येते. टाकळा आणि आघाडा कोणी कुंडीत लावत नाही. ही तणं होती, नांगराच्या आणि पाटाच्या आडोशाने राहिलेली. ती पाकिटातून पूड होऊन मिळतात, पण पूड पाहून पान ओळखता येत नाही. हे ज्ञान पुस्तकात काही अंशी राहील. पण कुठलं पान खुडायचं, किती घ्यायचं, आणि कुठल्या दिवशी बटवा मिटून दवाखान्याची वाट धरायची, हे बांधावर बोट धरूनच शिकवलं जात होतं.