भट्टीवरच्या माणसांचे वंशज



इतिहास म्हटला की प्रथम कागद आठवतो. आपल्याकडे वतनाच्या तंट्यासाठी लिहिलेले करीने आहेत, त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. परंतु करीना लिहिला गेला तो वतन होते म्हणून. ज्याला वतन त्याला वंशावळ, हा जगाचा न्याय. ज्याच्यापाशी दोन हातांखेरीज काही नव्हते, त्याचे पणजोबा कोण, हे लिहून ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते. अशा माणसांचा इतिहास कागदावाचून शोधता येईल काय? अमेरिकेतल्या एका लोखंडाच्या भट्टीची हकिकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते.

मेरीलँड संस्थानात कॅटॉक्टिन डोंगराच्या पायथ्याशी १७७६ साली लोखंड गाळण्याची भट्टी सुरू झाली. ती काढणाऱ्या भावांपैकी थॉमस जॉन्सन हे मेरीलँडचे पहिले निर्वाचित गव्हर्नर. खनिज खणायचे, रान तोडून कोळसा पाडायचा, धगीपुढे उभे राहून रस ओतायचा, ही कामे पहिल्या काळात मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या गुलामांनी केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या जागी युरोपातून आलेले मजूर लागले. भट्टी १९०३ साली थंड झाली. गावात राहिल्या त्या गोऱ्या कामगारांच्या आठवणी. काळ्या कामगारांचे नावही कोणाच्या तोंडी उरले नाही.

ते कुठे गेले, हे कागदावरून शोधणे किती कठीण, ते पाहा. १८५० व १८६० च्या अमेरिकन खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत मालकाचे नाव आहे. त्याखाली वय, लिंग आणि रंग. माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. मेरीलँडमध्ये गुलामगिरी १८६४ साली संपली, साऱ्या देशात १८६५ साली. आणि एके काळच्या गुलामांची सर्वांच्या बरोबरीने नावानिशी नोंद झाली ती १८७० च्या खानेसुमारीत. आज आपल्या घराण्याचा शोध घेणारा काळा अमेरिकन नागरिक मागे मागे जात १८७० शी येतो आणि तिथे भिंतीला डोके टेकतो.

कॅटॉक्टिनची भिंत फुटली ती योगायोगाने. १९७० नंतरच्या दशकाअखेर हमरस्ता रुंद करण्याच्या कामात भट्टीच्या कामगारांची विसरलेली दफनभूमी आढळली. कबरींवर नावे नव्हती. तिथले अवशेष वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ठेवण्यात आले. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांपैकी २७ जणांच्या हाडांतून डी. एन. ए. मिळवला आणि तो ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीकडे आपली लाळ तपासून घेतलेल्या व संशोधनास संमती दिलेल्या सुमारे ९३ लाख लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिला. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला.

हे ताडणे होते कसे? प्रत्येक मूल आईकडून निम्मा आणि बापाकडून निम्मा वारसा घेते. एकाच आजी-आजोबांच्या दोन नातवंडांत, ती सख्खी भावंडे नसल्यास, सरासरीने साडेबारा टक्के अंश सारखा असतो. समान पणजोबा-पणजी असतील तर तीन टक्क्यांहून थोडा अधिक, आणि आणखी एक पिढी मागे गेले की पाऊण टक्का. त्याच्याही पलीकडच्या नात्यात निम्म्या जोड्यांत काहीच आढळत नाही. म्हणून जुळले तर नाते आहे, असे पुष्कळदा म्हणता येते. न जुळले म्हणून नाते नाही, असे मात्र म्हणता येत नाही. शिवाय हे माप केवळ प्रमाणाचे. चुलत, आते, मामे, मावस हा आपल्या भाषेने जपलेला भेद नुसत्या टक्क्यांना कळत नाही. तो शोधायला पुन्हा कागद, पुन्हा घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. प्रयोगशाळेने दार दाखवले, तरी आत माणसालाच जावे लागते.

कॅटॉक्टिनच्या शोधात ४१,७९९ हयात नातलग निघाले. यांतले बहुतेक फार दूरचे. आफ्रिकेतल्या वा युरोपातल्या कोण्या जुन्या पूर्वजापाशी मिळणारे. त्यांना वंशज म्हणणे चूक होईल. परंतु २,९७५ जणांचा संबंध बराच जवळचा दिसला, आणि अशा निकटच्या नातलगांचे प्रमाण मेरीलँडमध्ये विशेष आढळले. म्हणजे सगळेच दूर गेले नव्हते. काहींची नातवंडे-पतवंडे तिथेच राहिली, फक्त त्यांना कोणी ओळखत नव्हते. सेनेगल-गँबियाकडील वोलोफ व मांडिंका आणि त्यांच्या दक्षिणेकडील काँगो या लोकसमूहांशी या मृतांचे धागे जुळले. काहींत युरोपीय अंशही सापडला. मालकाच्या घरच्या पुरुषांनी गुलाम स्त्रियांशी काय वर्तन केले, याची साक्ष मालकाच्या वहीत शोधून मिळणार नाही. ती लेकरांच्या हाडांत राहिली. एक गोष्ट मात्र मनाला भिडते. त्या दफनभूमीत आई आणि मुले, भावंडे, अशी पाच कुटुंबे ओळखू आली. ज्यांची केव्हाही ताटातूट करून विक्री करता येत होती, त्यांनी आपली माणसे एकत्र पुरली होती.

हे वाचताना आम्हांला आपली गिरणगावे आठवतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना झाली, तेव्हा प्रश्न आला की तुम्ही गिरणीत होता, याचा पुरावा काय? हजेरीपत्रक, तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी. ज्याने ती पत्र्याच्या पेटीत जपली त्याला बळ आले. ज्याची पेटी पावसात भिजली, त्याच्या वीस वर्षांच्या घामाला साक्षीदार उरला नाही. कामगाराने आपला कागद आपण जपावा, हे आम्ही सभांतून सांगत आलो, ते याचसाठी.

पण रक्ताच्या या नव्या कागदाचा मालक कोण, हाही प्रश्न आहेच. याच कंपनीच्या नोंदींत २०२३ साली चोरटे शिरले. सुमारे १४ हजार खाती फोडली गेली, पण नातलग जुळवण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि माहितीचा हा साठा कोण विकत घेणार, याचा काथ्याकूट न्यायालयात झाला. शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलर देऊन तो घेतला. माणसे विकण्याशी याची बरोबरी करणे मृतांवर अन्याय होईल. तरीही ज्यांच्या पूर्वजांची नोंद मालकाच्या मालमत्तेत झाली, त्यांच्या वंशजांची नोंद पुन्हा कोणाच्या मालमत्तेत जमा व्हावी, हे बरे नव्हे. एकाने दिलेल्या लाळेत त्याच्या चुलत्यांचा आणि भाच्यांचाही वाटा असतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. तेव्हा यावर कायद्याचा व समाजाचा पहारा हवा.

कॅटॉक्टिनच्या लोखंडाने एका राष्ट्राच्या उभारणीला हातभार लावला. ते गाळणाऱ्यांची नातवंडे कोण, हे कळायला सुमारे अडीचशे वर्षे लागली. तुमच्या-आमच्या गावचे रस्ते, धरणे, गिरण्या ज्यांनी बांधल्या, त्यांतले पुष्कळ जण अजून हयात आहेत. त्यांची नावे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही आणि एक संध्याकाळ पुरते.