ध्रुवीय रात्र आणि माणसाचे मन : अंटार्क्टिकावरील हिवाळी मुक्काम

वास्कोतील हेडलॅण्ड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र दरवर्षी अंटार्क्टिकावर मोहीम पाठवते. बहुतेक सदस्य तिथला उन्हाळा संपताच परततात. मात्र ‘मैत्री’ व ‘भारती’ या तळांवर एक लहान पथक मागे राहते. यालाच हिवाळी मुक्काम म्हणतात. या काळात जहाज पोहोचू शकत नाही आणि सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. जनित्रात बिघाड झाला किंवा आग लागली, तर पथकानेच निस्तरायचे असते. म्हणूनच सदस्यांची एकाग्रता आणि परस्परसंबंध हा तेथे सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

गोव्याशी नाते

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. ‘दक्षिण गंगोत्री’ या पहिल्या तळावर भारतीय पथकाने १९८४ मध्ये प्रथमच हिवाळा काढला. पुढे १९८९ मध्ये ‘मैत्री’, तर २०१२ मध्ये ‘भारती’ हा तळ कार्यान्वित झाला.

ताणाचे स्वरूप

हिवाळी मुक्कामात माणूस जगापासून तुटतो, पण एकटा पडत नाही. तेच चेहरे, त्याच खोल्या, तेच आवाज महिनोन्‌महिने सोबत असतात. झोप विस्कटणे, चिडचिड, उदासी, विसराळूपणा ही लक्षणे अनेक देशांच्या तळांवर नोंदवली गेली आहेत. मुक्कामाचा मध्य ओलांडल्यावर, तिसऱ्या चतुर्थांशात मन अधिक खचते, असे काही अभ्यासकांचे निरीक्षण आहे. सर्वच अभ्यासांत मात्र ते आढळलेले नाही.

मोजमाप कसे होते?

प्रस्थानापूर्वीची क्षमता आधी नोंदवली जाते. नंतर ठरावीक अंतराने त्याच चाचण्या पुन्हा घेतल्या जातात. पडद्यावर खूण दिसताच कळ दाबायची, ही त्यांतील सोपी चाचणी. प्रतिसादाला लागलेला वेळ आणि हुकलेल्या खुणा यांवरून थकवा कळतो. जोडीला प्रश्नावल्या, झोपेच्या नोंदी आणि लाळेतील कॉर्टिसोलची तपासणी असते.

जर्मनीच्या न्यूमायर तळावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या एका भागाचे आकारमान सरासरी सुमारे सात टक्क्यांनी घटलेले त्यात आढळले. नमुना लहान असल्याने हा निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही. मॉस्कोतील ‘मार्स-५००’ प्रयोगात सहा जण २०१० ते २०११ या काळात ५२० दिवस बंदिस्त राहिले. त्यांची हालचाल मंदावली. मात्र समान परिस्थितीतही प्रत्येकावरील परिणाम वेगळा होता.

निवड आणि उपाय

भारतीय सदस्यांची दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शारीरिक व मानसिक तपासणी होते आणि औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडून बर्फातील वावराचे प्रशिक्षण दिले जाते. तळावर ठरलेली दिनचर्या, एकत्र जेवण, स्वयंपाकघरातील पाळ्या आणि व्यायाम मनाला आधार देतात. २१ जूनच्या सुमारास सर्व देशांचे तळ मध्यहिवाळा साजरा करून परस्परांना शुभेच्छा पाठवतात. घरी परतल्यावर गर्दी, आवाज आणि कुटुंबातील बदललेल्या सवयी यांच्याशी जुळवून घ्यायलाही वेळ लागतो. तो वेळ आप्तांनी द्यावा, हाही या उपचाराचाच भाग होय.