‘इंडी’ची प्रतिष्ठा : यूएस नॅशनल्स आजही सर्वांत मोठी शर्यत आहे काय?

१/
एखादी स्पर्धा जुनी असणे आणि ती प्रतिष्ठित असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील ‘यूएस नॅशनल्स’ ही ड्रॅग रेसिंगची शर्यत १९५५ पासून होत आली आहे. या खेळाच्या जगात तिला नुसते ‘इंडी’ म्हटले तरी पुरते. सत्तर वर्षांनंतर तिच्या विजेतेपदाचे मोल पूर्वीइतकेच राहिले आहे काय, या प्रश्नाचा हा ऐतिहासिक आढावा.

२/
प्रथम खेळाविषयी. ड्रॅग रेसिंगमध्ये वळणे नसतात. दोन गाड्या सरळ पट्टीवर शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि दिवा हिरवा होताच सुटतात. जिंकणारी पुढच्या फेरीत जाते, हरणारी बाद होते. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या ‘टॉप फ्यूएल’ या सर्वोच्च वर्गातील गाड्या आज चार सेकंदांहून कमी वेळात ताशी ५३० किलोमीटरच्या पलीकडचा वेग गाठतात. महिनोन्महिन्यांच्या तयारीचा निकाल तेवढ्या अवधीत लागतो.

३/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, तरुण जुन्या मोटारींत फेरफार करून त्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर, ओस पडलेल्या विमानतळांवर आणि भर रस्त्यांवरही पळवीत असत. या ‘हॉट रॉड’ गाड्यांची समाजात बदनामी होती. ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. वेगाला नियमांच्या चौकटीत आणणे आणि शर्यती रस्त्यावरून पट्टीवर नेणे, हा तिचा उद्देश होता.

४/
केवळ बंदी घालून तरुण रस्त्यावरून हटले नसते. त्यांना रस्त्यापेक्षा मोठे असे काही द्यावे लागणार होते. राष्ट्रीय विजेतेपद हे त्याचे उत्तर होते. म्हणजे प्रतिष्ठा ही या शर्यतीला कालांतराने चिकटलेली गोष्ट नव्हे. ती या शर्यतीच्या जन्मामागील हेतूंपैकीच एक होती.

५/
पहिली नॅशनल्स १९५५ च्या सप्टेंबरअखेरीस कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे, महायुद्धकालीन विमानतळाच्या धावपट्टीवर भरली. पावसाने ती अर्धवट राहिली आणि अखेरच्या फेऱ्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात घ्याव्या लागल्या. कॅल्विन राइस हा पहिला विजेता ठरला. पुढे कॅन्सस सिटी, ओक्लाहोमा सिटी आणि डेट्रॉइट असा प्रवास करून ही शर्यत १९६१ मध्ये इंडियानापोलिसजवळच्या क्लरमाँट येथील ‘इंडियानापोलिस रेसवे पार्क’मध्ये स्थिरावली. प्रसिद्ध ‘इंडियानापोलिस ५००’ ज्या मैदानावर होते, ते मैदान वेगळे.

६/
तिच्या श्रेष्ठत्वाबद्दलची शंकाही जुनीच आहे. १९५७ मध्ये संघटनेने नायट्रोमिथेनवर बंदी घातली. त्यामुळे देशातील सर्वांत वेगवान गाड्यांना पुढील काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत आपले इंधन वापरता येईना. जी शर्यत सर्वांत वेगवान गाडीलाच मज्जाव करते, तिचा विजेता सर्वश्रेष्ठ कसा, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. बंदी पूर्णपणे उठल्यावर १९६४ च्या नॅशनल्समध्ये टॉप फ्यूएलचे विजेतेपद फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्सने पटकावले. या वर्गात इंडी जिंकण्याचा मान त्याला पुढे एकूण आठ वेळा मिळाला.

७/
गार्लिट्सची १९६७ ची कथा या शर्यतीच्या परंपरेत अढळ झाली आहे. पाव मैल सात सेकंदांच्या आत पार करीपर्यंत दाढी न करण्याचा पण त्याने केला होता. इंडीच्या अंतिम फेरीत त्याने ६.७७ सेकंदांची नोंद करून जेम्स वॉरनला हरवले आणि प्रेक्षकांसमोर सुरुवातीच्या रेषेवरच दाढी उतरवली. तो विक्रम लवकरच मागे पडला, मात्र प्रसंग राहिला. इंडीची पुण्याई अशा प्रसंगांतून साठत गेली.

८/
तथापि त्याच दशकात तिची मक्तेदारी संपत होती. १९५५ मध्ये संघटनेची राष्ट्रीय शर्यत एकच होती. १९६१ मध्ये ‘विंटरनॅशनल्स’ आली, १९६५ पर्यंत अशा चार शर्यती झाल्या आणि १९७० मध्ये सात. आज ही संख्या वीसच्या घरात आहे. वीसांतील एक असणे आणि एकमेव असणे, यांत मोठे अंतर आहे.

९/
खरे आव्हान १९७२ मध्ये उभे राहिले, तेही घरातूनच. बक्षिसांच्या अपुऱ्या रकमांमुळे नाराज झालेल्या गार्लिट्सने व्यावसायिक चालकांची संघटना उभारली आणि इंडीच्याच दिवसांत ओक्लाहोमातील टल्सा येथे प्रतिस्पर्धी शर्यत भरवली. तेथे बक्षिसे इंडीपेक्षा कितीतरी मोठी होती. अनेक नामवंत चालक टल्साला गेले. इंडीचे नाव मोठे की तेथे येणारी माणसे मोठी, याची ती उघड परीक्षा होती.

१०/
त्या वर्षी इंडीत टॉप फ्यूएल जिंकला गॅरी बेक, कॅनडाचा जवळजवळ अपरिचित चालक. दिग्गज नसल्यामुळे त्याचे फावले, असे म्हणण्यास वाव होता. परंतु १९७३ मध्ये त्याने इंडी पुन्हा जिंकली आणि १९७४ मध्ये तो टॉप फ्यूएलचा विजेता ठरला. इंडीने एका अनोळखी माणसाला नाव दिले आणि त्या माणसाने पुढील दोन वर्षांत इंडीची पत राखली. टल्सातील शर्यत आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली आहे.

११/
मात्र बेकचे १९७४ चे यश आणखी एका बदलाची खूण आहे. त्या वर्षापासून वार्षिक विजेतेपद एका अंतिम शर्यतीऐवजी हंगामभराच्या गुणांवर ठरू लागले. सातत्य हा श्रेष्ठत्वाचा नवा निकष झाला. ‘देशातील सर्वोत्तम कोण’ याचे उत्तर देण्याचा अधिकार इंडीकडून गुणतक्त्याकडे गेला, तो कायमचाच. यापुढे इंडीला आपले मोठेपण अन्य आधारावर टिकवावे लागणार होते.

१२/
तो आधार कोणता, हे १९८२ च्या अंतिम फेरीतून समजते. शर्ली मल्डाउनी १९७७ मध्ये टॉप फ्यूएलची वार्षिक विजेती ठरलेली पहिली स्त्री. इंडी मात्र तिच्या नावावर नव्हती. १९८२ च्या अंतिम फेरीत तिच्यासमोर होता कॉनी कलिटा, एके काळी तिच्याच गाडीची जबाबदारी सांभाळणारा क्रू चीफ. मल्डाउनी जिंकली. त्या वर्षीचे वार्षिक विजेतेपदही तिने मिळवले. तरीही १९८२ म्हटले की आधी ती अंतिम फेरी आठवते.

१३/
हरलेल्या कलिटाची कथाही येथेच पुढे सरकली. बारा वर्षांनी, १९९४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्याने इंडीत टॉप फ्यूएलचे विजेतेपद मिळवले. मधल्या काळात गार्लिट्सने १९८४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी पुनरागमन करून हीच शर्यत जिंकली होती. गुणतक्ता दरवर्षी शून्यापासून सुरू होतो. इंडीत मात्र मागील वर्षांचे हिशेब पुढच्या वर्षांत चालू राहतात.

१४/
२००८ मध्ये या खेळावर मोठा आघात झाला. कॉनीचा मुलगा आणि दोन वेळचा टॉप फ्यूएल विजेता स्कॉट कलिटा न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे अपघातात मृत्युमुखी पडला. त्यानंतर नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या वर्गांचे अंतर पाव मैलावरून १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, करण्यात आले. सुरक्षेसाठी हा निर्णय आवश्यक होता. परिणामी गार्लिट्सच्या पिढीचे सेकंद आणि आजचे सेकंद यांची थेट तुलना होऊ शकत नाही. इंडीचे विजेतेपद हा या दोन काळांना जोडणारा मोजका दुवा ठरला.

१५/
याच सुमारास इंडीचे नियमांतील स्थानही बदलले. २००७ पासून हंगामाची अखेर ‘काउंटडाउन’ पद्धतीने होते. इंडी ही नियमित हंगामातील शेवटची शर्यत. तिच्यानंतर गुणांची फेरमांडणी होऊन अग्रेसर चालकांतील अंतर बुजवले जाते. म्हणजे इंडीत कमावलेली आघाडी बव्हंशी तेथेच विरते. अलीकडे इंडीत दीडपट गुण देण्याची प्रथा पडली. श्रेष्ठत्व गुणांच्या टेकूने दाखवावे लागणे, ही त्याच्या क्षीण होण्याचीही खूण मानता येईल.

१६/
पैशाच्या निकषावरही इंडी अग्रस्थानी राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातील ब्रेडन्टन येथे चालक-मालकांच्या संघटनेने गुणतक्त्याबाहेरची एक शर्यत भरवली आणि टॉप फ्यूएलच्या विजेत्याला अडीच लाख डॉलर दिले. टल्सानंतर अर्धशतकाने तोच युक्तिवाद पुन्हा पुढे आला : जोखीम चालकाची आणि खर्च मालकाचा, तर मोबदलाही त्या मानाने हवा. हा युक्तिवाद तेव्हा चुकीचा नव्हता आणि आजही नाही.

१७/
नावांचा इतिहासही बोलका आहे. शर्यतीच्या नावाआधी येणारे प्रायोजक वारंवार बदलले. १९७९ मध्ये संघटनेने विकत घेतलेल्या या मैदानाचे नावही २००६ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये प्रायोजकाच्या नावावरून बदलले गेले. २०२२ मध्ये प्रायोजक कायम ठेवूनच ‘इंडियानापोलिस रेसवे पार्क’ हे शब्द नावात परत आणण्यात आले. जुन्या नावाला बाजारातही किंमत आहे, याचा हा व्यवहारी पुरावा होय.

१८/
इंडीचे मोल सर्वांत शाबूत आहे ते मात्र दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसणाऱ्या वर्गांत. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिन असतो. त्याला जोडून येणाऱ्या या शर्यतीत शेकडो हौशी स्पर्धक ‘स्टॉक’, ‘सुपर स्टॉक’ यांसारख्या वर्गांत उतरतात. नोकरी-धंदा सांभाळून ते आपल्या गाड्या ट्रेलरवरून शेकडो मैल ओढत आणतात. १९६८ सालच्या हेमी इंजिनांच्या डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा गाड्यांची वेगळी लढतही येथे रंगत आली आहे. ज्या सामान्य तरुणासाठी १९५५ ची शर्यत घडवली गेली, त्याचे हे वारसदार. यांच्यापैकी बहुतेकांना वार्षिक विजेतेपद मिळणे दुरापास्त. इंडीतला एक विजय आयुष्यभर पुरतो.

१९/
व्यावसायिकांच्या बाजूने एक उदाहरण पुरेसे आहे. कॉनीचा पुतण्या डग कलिटा १९९८ पासून टॉप फ्यूएलमध्ये आहे. २०१९ मध्ये त्याने इंडी प्रथमच जिंकली. त्याच दिवशी ७० वर्षांच्या जॉन फोर्सने ‘फनी कार’ वर्गात इंडी पाचव्यांदा जिंकली. २०२३ मध्ये डगला पहिले वार्षिक विजेतेपद मिळाले आणि २०२४ मध्ये ब्रेडन्टनचे अडीच लाख डॉलरही. एकाच कारकिर्दीत तिन्ही मान आले. वार्षिक विजेतेपदाने त्याचे सातत्य सिद्ध झाले, ब्रेडन्टनने त्याच्या कौशल्याचे दाम दिले. इंडीने त्याचे नाव १९८२ आणि १९९४ च्या ओळीत नेऊन ठेवले. ही तिसरी गोष्ट अन्य कोणत्याही शर्यतीला देता येत नाही.

२०/
निष्कर्ष असा : सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवण्याची सत्ता इंडीने १९७४ मध्येच गमावली. सर्वाधिक बक्षिसाचा मान तर टल्सानेच हिरावून घेतला होता. तिची प्रतिष्ठा मात्र टिकून आहे, कारण येथे जिंकणाऱ्याला आपल्याआधी कोण जिंकले हे ठाऊक असते. ही प्रतिष्ठा नियम करून निर्माण करता येत नाही; चुकीचे नियम करून घालवता मात्र येते. हौशी स्पर्धकाला तेथवर येणे परवडेनासे झाले, तर ग्रेट बेंडपासून चालत आलेली ओळ तुटेल. इंडीला खरा धोका प्रतिस्पर्धी शर्यतींकडून नसून त्या तुटण्याकडून आहे.