कॉफीचा पेला कोणाच्या हाती?

पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिच्या बेलव्यू वाड्यासाठी कार्ल व्हॅन लू याने 1750 च्या दशकात तिचे चित्र रंगवले. वेश तुर्की सुलतानाचा. शेजारी कॉफी देणारी कृष्णवर्णी दासी. या चित्राची छापील प्रत मी अनेक वर्षे जपली आहे. 1669 साली तुर्की वकील सुलेमान आगा पॅरिसला आला आणि तिथे कॉफीसोबत तुर्की थाटाचेही वेड पसरले, अशी टिपणे मी काढली. पण हे चित्र रंगेपर्यंत मार्टिनिक, सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतींत कॉफीचे मळे उभे राहिले होते. तिथे राबत होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. चित्रातली सुलताना हे सोंग आहे. दासी मात्र त्या काळाचे वास्तव सांगते. माझ्या टिपणांत तिचा उल्लेख एकदाही नव्हता. ती चूक इथे दुरुस्त करतो.