वर वर, खाली खाली

लोणावळ्याच्या पावसाबद्दल मुंबई-पुण्याची मंडळी फार प्रेमाने बोलतात, कारण रविवारी संध्याकाळी ती परत जातात. आम्ही मागे उरतो. पापड मऊ पडतात, काड्यापेटी रुसते, चपलांना बुरशी येते. अशाच एका दुपारी माझ्या भाच्याने पिशवीतून पाटीएवढं चपटं यंत्र काढलं आणि म्हणाला, "मामा, कॉन्ट्रा खेळणार?"

माझ्या हातातला चहा हिंदकळला. कॉन्ट्रा म्हणजे आमचं बालपण, आणि ते या पोराच्या पिशवीत!

जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ साली हा खेळ काढला तो नाणं टाकून खेळायच्या कपाटाएवढ्या यंत्रांसाठी. १९८८ साली तो निन्टेन्डोच्या घरगुती डब्यावर आला. आमच्या घरी नव्वदच्या दशकात आली ती त्या डब्याची नक्कल. तिच्यात पिवळी कॅसेट खोचायची, आणि दमट हवेमुळे चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्याने आतले पत्रे आणखी खराब होतात, हे ज्ञान आम्हाला फार उशिरा झालं.

खेळात दोन शिपाई, बिल आणि लान्स. एक गोळी लागली की खलास. प्रत्येकाला जीव फक्त तीन. पण माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मंत्र येत होता: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. सुरुवातीलाच हा जप केला की तिनाचे तीस जीव!

या मंत्राचे ऋषी काझुहिसा हाशिमोतो. १९८६ साली ते कोनामीचाच 'ग्रेडियस' नावाचा खेळ घरगुती डब्यासाठी बसवत होते. तो इतका कठीण, की त्यांना स्वतःलाच पुरा करता येईना. म्हणून तपासणीपुरती त्यांनी ही चोरवाट ठेवली आणि ती काढायची राहिली. २०२० साली ते गेले. त्यांची ती चोरवाट इंटरनेट नसताना मावळापर्यंत पोचली, ती निव्वळ मावसभाऊ आणि शाळासोबती यांच्या तोंडून. एका अक्षराचा पाठभेद नाही! वेदपाठशाळेने धडा घ्यावा.

त्या खेळात एक सोय होती. आपले जीव संपले, तर जोडीदाराच्या शिल्लकेतला एक उचलता येई. आणि एक गैरसोयही होती. तिसरा टप्पा धबधब्याचा. पुढचा गडी वर चढत गेला की पडदाही वर सरकतो, आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. दादा सरसर चढायचा. मी मरायचो, मग त्याचे जीव उचलायचो. तो म्हणायचा, "माझे सगळे जीव तू खाल्लेस." मी म्हणायचो, "तू थांबला असतास, तर खाल्ले नसते." आई पंख्याची दांडी शोधू लागली, की खेळ संपायचा.

पुढे दादा पुण्याला शिकायला गेला, नोकरीला लागला. मी इथेच राहिलो. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि नाणे मावळातल्या आमच्या चार गुंठ्यांना, ज्यांच्याकडे बकऱ्यासुद्धा बघत नव्हत्या, भाव आला. मग तोच संवाद आम्ही सात-बारा समोर ठेवून केला. त्यानंतर बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं.

भाच्याच्या यंत्रावर कोनामीने २०१९ साली काढलेला जुन्या कॉन्ट्रांचा संच होता. आता म्हणे खेळ हवा तिथे जपून ठेवता येतो, मेलात तर पुन्हा तिथून सुरू. ही सोय कोर्टकचेरीत आली तर किती बरं! मी मंत्र म्हटला. अंगठ्यांना बिनचूक आठवत होता. पण खेळ एकट्याचाच सुरू झाला. दुसरा शिपाई येईचना.

"थोरल्या मामाला विचारतो," असं म्हणून पोराने माझ्या तोंडाकडे न बघता फोन लावला. पलीकडून तळेगावच्या घरातून आवाज आला, "अरे, ए नंतर सिलेक्ट दाबायचं असतं. दोघं असले की सिलेक्ट लागतं. त्याला कधी आठवायचंच नाही, कारण ते मी दाबायचो." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग, "लोकल चालू आहेत का रे?"

पुढच्या रविवारी दादा भिजत आला. त्या यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या मुठी निघतात. एक त्याने घेतली, एक मी. दोघांनीही चष्मे लावले. धबधबा आला. दादाचा शिपाई एका कपारीवर चढला आणि उभाच राहिला. गोळ्या येत होत्या.

"काय झालं? बटण अडकलं?" मी विचारलं.

"थांबलोय," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "ये तू वर."

चार गुंठ्यांचं अजून काही ठरलेलं नाही. पण चौथ्या टप्प्याला आम्ही पोचलो आहोत.