बरणीच्या गळ्यातील चिठ्ठी

जळकोट हे बालाघाटच्या पठारावरील गाव आज लातूर जिल्ह्यातील एका लहानशा तालुक्याचे ठाणे असले (तुळजापूर तालुक्यातही याच नावाचे एक गाव आहे, आम्हांस अभिप्रेत आहे ते हे नव्हे), तरी ज्या उदगीर परिसराचे ते अंग, तो परिसर निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात मोडत असे, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबादेत आला, १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाल्यावर लातुरात गेला, आणि १९९९ साली जळकोटला स्वतःची तहसील मिळाली, म्हणजे ज्या म्हातारीने या सर्व काळात आपल्या घराचा उंबरठाही ओलांडला नाही, तिचा पत्ता मात्र सरकारदप्तरी तीन वेळा बदलला. ही गोष्ट प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखाचा विषय बाटलीवरील लेबल हा आहे आणि लेबलावर दुसरे काही असो वा नसो, पत्ता असावाच लागतो. त्या म्हातारीने जर तिखटाच्या बरण्या भरून विकण्याचा व्यवसाय चालविला असता, तर केवळ पत्त्यापायी तिला तीन वेळा छापखान्याची पायरी चढावी लागली असती. तिने तो चालविला नाही, किंवा चालविला तरी लेबल लावले नाही. आणि का लावले नाही, हाच आमच्या जिज्ञासेचा विषय आहे.

पाश्चात्त्य देशांत ज्यास मिरचीचा सॉस म्हणतात, त्याच्या जवळचा पदार्थ या भागात शोधू गेल्यास तो रंजका होय. पौष-माघाच्या सुमारास झाडावरच लाल झालेल्या ओल्या मिरच्या उतरवाव्यात, देठ काढून त्या पुसून कोरड्या कराव्यात, मीठ, लसूण, मेथी आणि हिंग यांसह उखळात किंवा पाट्यावर वाटाव्यात, वर लिंबाचा रस पिळावा, तेलाची फोडणी थंड करून ओतावी आणि चिनी मातीच्या बरणीत तो गोळा मुरत ठेवावा, अशी त्याची स्थूल कृती. घरोघर तिच्यात फरक असतो आणि प्रत्येक घराला आपलाच फरक शास्त्रशुद्ध वाटतो. ठेच्याप्रमाणे हा त्या दिवशी करून त्या दिवशी संपवावयाचा पदार्थ नव्हे. मुरल्यावाचून त्यास चव येत नाही, आणि बरणीत पाण्याचा थेंब गेला तर तो मुरण्याऐवजी बुरसतो. सोलापूर, बीदर, गुलबर्गा या मराठी-कानडी सीमेवरील मुलखातही तो याच नावाने, उच्चाराच्या थोड्याफार फरकाने, ओळखला जातो. नावाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र मोह अनावर होतो. संस्कृतात रंजक म्हणजे रंगविणारा. आणि जुन्या मराठीत रंजक म्हणजे तोफेच्या किंवा बंदुकीच्या कान्यावर ठेवावयाची बारूद, जिला बत्ती दाखविताच बार उडतो. ज्या उदगीरच्या परिसरात १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या फौजेने इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर निजामास नमविले, त्या परिसरातील जिभेने आपल्या तिखटाला रंजकाचे नाव द्यावे, ही कल्पना मनास गोड वाटते. पण गोड वाटणे हा भाषाशास्त्रात पुरावा नव्हे, म्हणून आम्ही ती तेथेच सोडतो.

पूर्वी या बरणीला लेबल नव्हते, चिठ्ठी होती. बरणीच्या तोंडावर धुवट फडके बांधले जाई, त्यावर सुतळीचे दोन वेढे पडत, आणि त्या सुतळीत, घरात कोणी लिहिणारे असल्यास, कागदाचा एक कपटा अडकविलेला असे, ज्यावर फार तर संवत्सर किंवा महिना आणि 'धाकटीकडे पाठविणे' एवढाच मजकूर असावयाचा. काय आहे, हे लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते, कारण ते वासावरून कळे; कोणी केले, हेही लिहिण्याचे प्रयोजन नव्हते, कारण खाणारास करणारीचा हात ठाऊक असे. आठवडी बाजारातही निराळा प्रकार नव्हता. तिखट, हळद, जिरे पायलीने किंवा शेराने मापून जुन्या कागदाच्या पुडीत बांधून मिळत; त्या पुडीवर एखादे शिळे वर्तमान छापलेले असले तर असे, मालाविषयी मात्र तीत अक्षरही नसे. मिरची तेलंगी की ब्याडगी, चालू वर्षाची की गतवर्षीची, या प्रश्नांचे उत्तर दुकानदाराच्या तोंडी असे. आणि ते खोटे ठरल्यास पुढल्या बाजारी त्याच गादीसमोर उभे राहून त्याच्या बापजाद्यांचा उद्धार करता येई. जिथे विकणारा आणि खाणारा एकमेकांस तोंड दाखवितात, तिथे कागदाने बोलण्याची वेळ येत नाही.

मग मालावर पहिले अक्षर कोणी उमटविले? आमच्या समजुतीप्रमाणे ते व्यापाऱ्याने नव्हे, तर सरकारने. अकबराच्या अमदानीत एक कोटी दामांच्या वसुलाच्या मुलखावर जो अंमलदार नेमला जाई तो करोडी. त्याच शब्दाच्या वंशात निजामशाहीतील करोडगिरी हे जकातीचे खाते निपजले, आणि ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावर साधारणतः शेकडा पाच या दराने त्याची आकारणी होत असे. या जकातीमुळे मुंबई-सोलापूरकडून येणाऱ्या पेटीस नाक्यावर थांबावे लागे, चलान दाखवावे लागे, कारकुनाच्या हाताखालून जावे लागे. आणि ती सुटली म्हणजे तिच्याजवळ निदान एक कागद असा असे की जो ती कोठून आली, तीत माल किती आणि तिची किंमत काय, हे सांगत असे. त्या कागदास चवीशी कर्तव्य नव्हते; पण मूळ ठिकाण, परिमाण आणि मूल्य ही जी तीन कलमे त्यात असत, तीच आजच्या प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरांत छापावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या लेबलाचा निम्मा वंश दुकानात नसून कचेरीत आहे असे म्हणावे लागते.

उरलेला निम्मा वंश चित्राचा. मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानात पाठविलेल्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवता, राजे, हत्ती, वाघ यांची रंगीत तिकिटे डकविण्याचा प्रघात पाडला, त्यामागे कलाप्रेम नसून शुद्ध व्यवहार होता: ज्या गिऱ्हाइकास अक्षर वाचता येत नाही त्यास हत्ती वाचता येतो. आगपेट्यांनी, प्रथम स्वीडनच्या आणि मग जपानच्या, हाच धडा गिरविला. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला रविवर्मा छापखाना हा सरस्वती-लक्ष्मीच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असला, तरी तेथे मालाची लेबलेही छापली जात, आणि देव्हाऱ्यातील लक्ष्मी व डब्यावरील लक्ष्मी या एकाच शिळाछापाच्या दगडाच्या लेकी असत. नंतर हा व्यवसाय दक्षिणेस शिवकाशीला गेला. तेथील षण्मुग नाडर आणि अय्या नाडर १९२०च्या दशकाच्या आरंभी आगकाड्यांचे तंत्र शिकण्यास कलकत्त्यास गेले, परत येऊन त्यांनी कारखाने घातले, आणि काड्यापेट्यांस तिकिटे लागतात म्हणून छापखाने वाढले. 'घोडा छाप', 'हत्ती छाप' हा जो शब्दप्रयोग आपण आजही सहज करतो, तो त्या काळाचा अवशेष होय. छाप म्हणजे आधी ठसा, मग चिन्ह आणि शेवटी पत. एका शब्दाने तीन पायऱ्या चढल्या.

उदगीर-नांदेडच्या व्यापाऱ्यास स्वतःची छाप काढावयाची झाली तर त्याच्यासमोर निराळीच अडचण उभी राही. निजामाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू. तिची नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नाही म्हणून ती कातिबाच्या हातून लिहवून शिळेवर छापण्याची वहिवाट. आणि गिऱ्हाईक मात्र मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे. देवनागरी खिळे मुंबईत निर्णयसागराच्या जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकातच सुबक करून ठेविले होते, पण ते आमच्या बाजूस पोचेपर्यंत झिजलेले असत. पायाने चालवावयाच्या ट्रेडलवर दुरंगी लेबल काढणे म्हणजे प्रत्येक कागद दोनदा यंत्रात घालणे. तांबड्याचा ठसा काळ्याच्या ठशावर तंतोतंत बसला नाही, म्हणजे लक्ष्मीचे कुंकू तिच्या कानाशी जाई. किमतीचा प्रश्न तर आणखी नाजूक. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार यांच्या भावात अंतर होते (१९५० साली तो भाव सात हालीस सहा भारतीय रुपये असा ठरविण्यात आला), तेव्हा 'किंमत चार आणे' एवढे छापून भागत नसे. चार आणे कोणते, हा प्रश्न उरेच. म्हणून किंमत छापण्याच्या भानगडीत न पडता ती तोंडाने सांगणे हेच शहाणपणाचे.

बाटलीचाही विचार केला पाहिजे, कारण लेबल हे बाटलीचे वस्त्र आहे, आणि अंग नाही तेथे वस्त्र कशास हवे? अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील एव्हरी बेटावर एडमंड मॅक्इल्हेनी याने १८६८च्या सुमारास मिरचीचा जो सॉस काढला, तो आरंभी अत्तराच्या बाटल्यांत भरला आणि त्यावर पत्त्यांतील चौकटसारखे तिरपे लेबल लावले, जे आजही जवळजवळ तसेच आहे. परंतु त्याला आधी बाटली मिळाली, हे विसरता कामा नये. आपल्याकडे लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, तेव्हा कोठे देशी काचेस पत येऊ लागली. मुंबईत गिरगावात १९१०पासून बेडेकरांचे आणि पुढे १९६२पासून पुण्यात चोरडियांचे मसाले घराघरांत गेले, त्यांत एक गोष्ट मार्मिक आहे: बेडेकरांनी देवाचे अथवा जनावराचे नाव न घेता आडनाव पुढे केले, आणि चोरडियांच्या मालास प्रवीण हे एका मुलाचे घरगुती वाटणारे नाव मिळाले. ओळखीचे माणूस गेले होते, म्हणून ओळखीच्या माणसाचे नाव छापले गेले.

रंजक्याच्या वाट्याला हे सुख आले नाही, कारण तो बाजारात उतरण्यापूर्वीच कायदा उतरला. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा, त्याचे नियम १९५५चे. त्याच वर्षी फळांपासून केलेल्या पदार्थांचा हुकूम निघाला आणि लोणची व सॉस यांस परवाना लागू लागला. दशमान वजने आली, शेर-छटाक गेले. १९७७च्या नियमांनी बंद पाकिटावर निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव, पत्ता आणि किंमत यांची सक्ती केली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चौकोनातील हिरवा ठिपका आला. आणि २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याने चौदा अंकी परवाना क्रमांक आणला. यांपैकी एकही कलम आम्हांस अन्याय्य वाटत नाही. विटांचा भुगा तिखटात मिसळणारे लोक काही कवींनी कल्पिलेले नाहीत. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधल्याशिवाय राहवत नाही: आवश्यक मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरीतील हिंदीत असावा, अन्य भाषा त्याखेरीज वापरण्यास हरकत नाही, असा जो नियम आहे त्यान्वये मराठी ही मराठी बाटलीवर आजही पाहुणी आहे. उर्दूच्या जागी इंग्रजी बसली, एवढेच.

आणि मग सर्वांत अवघड रकाना येतो, पदार्थाच्या नावाचा. रंजका ही चटणी म्हणावी, लोणचे म्हणावे की सॉस? कायद्याच्या कोष्टकात तिन्हींस निराळी घरे आहेत आणि रंजका कोणत्याच घरात पूर्णपणे मावत नाही. लोणच्याइतके त्यात तेल नसते, सॉसाइतका तो पातळ नसतो, आणि चटणी म्हणावे तर तो वर्षभर टिकतो. 'लाल मिरचीचे लोणचे' असे लिहून परवान्याचे काम भागते. पण ज्यास खरोखर रंजका हवा आहे तो मुंबई-पुण्यात नोकरीनिमित्त गेलेला उदगीरकर ती बाटली ओलांडून पुढे जातो, कारण त्याच्या घरी त्यास कोणी कधी लोणचे म्हटलेले नाही. म्हणून सूज्ञ माणसे मोठ्या अक्षरांत 'रंजका' आणि खाली बारीक अक्षरांत कोष्टकातले नाव छापतात. आम्हांस हाच मार्ग योग्य वाटतो.

१९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या आणि पुढे 'उमेद' अभियानाच्या आधाराने महाराष्ट्रभर जे बचत गट उभे राहिले, त्यांच्या हातून आता हे तिखट प्रदर्शनांत आणि जत्रांत मांडले जाते. उदगीर-लातूरच्या संगणक-छपाईच्या दुकानात एका खुर्चीवर लग्नपत्रिकेचा गणपती आणि दुसऱ्या खुर्चीवर रंजक्याचे लेबल एकाच पोराच्या हातून उतरते; त्यामुळे कित्येक लेबलांवर मिरचीच्या दोहों बाजूंस लग्नपत्रिकेचे वेलबुट्टे असतात आणि पाठीमागे एक ज्वाळा असते, जी फटाक्यांच्या खोक्यावरून आलेली असावी असा आमचा वहीम आहे. सहा सेंटीमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर जेमतेम एकोणीस सेंटीमीटर. त्यात गटाचे नाव, घटकपदार्थ, वजन, किंमत, परवाना, ठिपका, दंडरेषा आणि पत्ता भरल्यावर चित्रास तळहाताएवढीही जागा उरत नाही. त्यातही तांबडे लेबल तांबड्या मालावर लोपते, ही गोष्ट अनुभवानेच उमगते. पिवळ्या किंवा पांढऱ्या कागदावर ठळक काळे अक्षर हे जुन्या ट्रेडलवाल्यांचे शहाणपण अद्याप बिनतोड आहे. तेलाचा हात लागताच साधा कागद पारदर्शक होतो, खळीने डकविलेला असल्यास झुरळे त्याची कड खातात. म्हणून आता चिकट स्टिकर वापरतात.

असे स्टिकर हजारांच्या हिशेबाने छापून येतात, आणि बरण्या तर एका वेळी चाळीस-पन्नासच भरतात. तेव्हा उत्पादनाचा दिनांक छापून ठेवण्याची सोय नसते. त्या जागी एक मोकळी चौकट सोडलेली असते, आणि बाटली भरून पुसून झाली म्हणजे गटातील ज्या बाईचे अक्षर त्यातल्या त्यात बरे आहे ती, मिरचीने चुरचुरणारी बोटे पदरास पुसून, बॉलपेनने त्या चौकटीत महिना आणि साल लिहिते.